कापण्याआधी एकदा मांजरपाटात



आज मी तुम्हाला असा ड्रेस शिवायला सांगणार आहे, जो कुणीच घालणार नाही. नवा पॅटर्न हातात आला की त्याची चाचणी घरच्या घरी कशी करायची, हा आजचा विषय. पॅटर्न म्हणजे कागदी साचा, विकत घेतलेला किंवा डाउनलोड करून छापलेला. आणि ड्रेस म्हणजे इथे वनपीस. वर अंगाबरोबर बसणारी बॉडी, कंबरेला शिवण, खाली घेर, एक बाही. हा एक प्रकार नीट कळला की कुर्ता, गाऊन, फ्रॉक यांना वेगळं सांगावं लागत नाही.

पहिली अडचण शिवणाची नसतेच, ती मनाची असते. आपल्या घरांमध्ये बोटभर चिंधीसुद्धा गोधडीसाठी जपून ठेवलेली असते. अशा घरात अडीच मीटर कापड ‘नुसतं बघायला’ कापायचं म्हटलं की हात थांबतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका हमखास म्हणतात, “ताई, एवढ्यात एक परकर झाला असता.” झाला असता, खरंच. पण ज्या कापडासाठी हे सगळं चाललंय, त्याचा विचार करा. इरकल, संबळपुरी, हातमागाची इकत, किंवा आईच्या कपाटातली साडी, जी एकच आहे आणि दुसरी मिळणार नाही. त्या कापडावर कात्री चालली की ती परत घेता येत नाही. शिवण उसवता येते, काप उसवता येत नाही.

चाचणीसाठी कापड घ्यायचं मांजरपाट. तुम्ही महाराष्ट्राबाहेर असाल तर दुकानात हा शब्द चालणार नाही. इंदूर-भोपाळकडे लट्ठा मागा, बडोद्यात मादरपाट म्हणा, चेन्नईकडे काडा. काहीच जमलं नाही तर बिनरंगाचं, साधं, विणलेलं सुती कापड असं सांगा. जुनी चादरही चालते, पण मध्ये विरलेली नको, कारण विरलेलं कापड ताणलं जातं आणि खोटं बोलतं. अमेरिकेत या चाचणीच्या कपड्याला ‘मस्लिन’ म्हणतात. आपल्याला मलमल म्हटलं की ढाका आठवतं, आणि तिकडे त्याच शब्दाचा अर्थ साधं स्वस्त सुती कापड. फ्रेंच लोक ‘त्वाल’ म्हणतात, त्याचाही अर्थ नुसता ‘कापड’. पॅरिसची मोठी शिवणघरं रेशमाला हात लावण्याआधी त्वाल करतात. तेव्हा हे नवशिक्यांचं काम आहे असं कुणी समजू नये.

एक मात्र लक्षात ठेवा, चाचणीचं कापड खऱ्या कापडाच्या जातीचं हवं. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा पॅटर्न मांजरपाटात तपासून काही कळत नाही. आणि खरा ड्रेस जॉर्जेटचा असेल तर मांजरपाट माप सांगेल, कापड अंगावर कसं पडेल ते सांगणार नाही. त्याला एखादी जुनी सिंथेटिक साडी बरी.

आता हे सगळं करायचं कशासाठी? पॅटर्न तर मापानुसारच येतो ना?

येतो, पण कुणाच्या मापानुसार, ते बघू. १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने लहानमोठ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. तोवर घरी शिवणाऱ्या बाईला आकार स्वतःच वाढवावा-कमी करावा लागे. सोय मोठी झाली, पण त्याबरोबर एक कल्पित बाईही जन्माला आली, जिच्या अंगावर तो कागद बसतो. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली आणि १९४१ मध्ये अहवाल काढला. त्यात धरली गेली ती गोऱ्या बायकांचीच मापं. तिथे १९५८ साली तयार कपड्यांच्या मापांचं जे प्रमाण ठरलं, त्याचा पाया हाच. आजही मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नमधली बाई साधारण साडेपाच फूट उंच, बेताच्या छातीची, सरळ पाठीची आणि दोन्ही खांदे सारखे असलेली आहे. मी तरी अशी बाई आमच्या गल्लीत पाहिली नाही.

आपल्याकडे निफ्टने इंडियासाइझ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी ती योजना. चांगली गोष्ट आहे. पण कितीही मापं घेतली तरी त्यातून सरासरीच निघणार, आणि सरासरी माणूस कुणाच्या घरात राहत नाही.

आपला शिंपी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतो. तो तुमची मापं घेऊन थेट कापडावर खडूने आखतो, आखताना तुमचा वाकलेला खांदा त्याला आठवत असतो, आणि तरीही ट्रायलला बोलावतो. आपण घरी पॅटर्न आणतो तेव्हा कागद येतो, शिंप्याची नजर त्याच्याबरोबर येत नाही. ती नजर मांजरपाटातून मिळवायची.

कापण्याआधी दहा मिनिटं कागदावर द्या. छापलेला पॅटर्न असेल तर त्यावर एक चाचणीचा चौकोन असतो, एक इंचाचा किंवा पाच सेंटीमीटरचा. तो पट्टीने मोजा. प्रिंटर ‘पानात बसवा’ अशा सेटिंगवर असला तर सगळा ड्रेस थोडा आकसतो आणि कळत नाही. छपाई शंभर टक्क्यांवरच हवी. मग शिवणीचं मार्जिन धरलंय का ते वाचा. बुर्डा मासिकाच्या पॅटर्नमध्ये ते नसतं, आपण सोडायचं असतं. अमेरिकन पॅटर्नमध्ये बहुधा पाच-अष्टमांश इंच धरलेलं असतं.

मापाच्या आकड्याकडे अजिबात बघू नका. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या कागदी पॅटर्नचा १२ नंबर म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस, सीट ३६ इंच. तोच १२ नंबर आज मॉलमधल्या कपड्यावर असेल तर तो कितीतरी मोठा निघतो. तयार कपडा घेताना १२ लागणारी बाई पॅटर्नमध्ये १८ वर जाते आणि त्या दिवशी जेवत नाही. मी हे गमतीने सांगत नाहीये. अशा बायका शिवण सोडून देतात. पाकिटावरचा आकडा पेनाने खोडा आणि त्याखालची इंचातली मापं वाचा.

माप निवडायचं छातीवरून, पण कुठल्या छातीवरून? टेप काखेतून वर, पाठीवरून आडवी घेतली की मिळते ती वरची छाती. आणि भरीव भागावरून मिळते ती पूर्ण छाती. या पॅटर्नमध्ये दोन्हींत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो. समजा तुमची वरची छाती ३६ आणि पूर्ण छाती ४०. चाळीसचा पॅटर्न घेतलात तर छातीवर बसेल, पण गळा पडेल, खांदे दंडावर उतरतील आणि तुम्ही म्हणाल, माझे खांदेच बारीक. खांदे बारीक नाहीत. अडतीसचा पॅटर्न घ्या आणि छातीच्या जागी दोन इंच वाढवा. कटोरी ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला हे नव्याने सांगावं लागत नाही. कटोरी म्हणजे तेच, खांद्याला धक्का न लावता फक्त भरीव भागाला जागा देणं.

आता कापड. मांजरपाट पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा. खळ राहिली तर कापड ताठ उभं राहतं. उभा धागा किनारीला समांतर ठेवून कापा. घडीवर न कापता दोन्ही बाजू पूर्ण कापा, त्याचा उपयोग पुढे आहे. बाजूला आणि खांद्याला एक इंच मार्जिन सोडा, म्हणजे वाढवायला जागा राहील. आणि बॉलपेनने कापडावरच रेघा काढा. पुढची मध्यरेघ, पाठीची मध्यरेघ, छातीची आडवी रेघ, कंबरेची, सीटची. या रेघा म्हणजे चाचणीचा जीव आहे. रेघ जमिनीला समांतर राहिली तर ठीक, एका बाजूला चढली की तिथे काहीतरी मागणं आहे.

शिवताना टाका लांब ठेवा, चार-पाच मिलिमीटर, आणि दोरा गडद घ्या, उसवायला सोपं जातं. कॉलर, खिसे, अस्तर, काहीही नको. बाही एकच लावली तरी चालते. चेनऐवजी टाचण्या. गळा आणि मुंढा मात्र शिवणरेघेपर्यंत कातरून घ्या. तिथलं मार्जिन तसंच ठेवलं तर मुंढा काखेत रुततो, आणि बायका घाईने तो खोल करून टाकतात. गळ्याचंही तसंच, मार्जिनसकट तो उगाच लहान वाटतो.

घालताना आतले कपडे नेहमीचेच घाला. आरशासमोर फार वेळ उभं राहू नका. आपण आरशात पोट आत घेतो, तो ड्रेस मग फक्त श्वास रोखलेल्या बाईला होतो. फोन स्टुलावर ठेवून टायमरने पुढून, बाजूने, मागून फोटो काढा. पाठीवर स्वतःच टाचण्या लावायचा प्रयत्न करू नका. हात मागे गेला की सगळं कापड सरकतं. नवऱ्याला, मुलीला, शेजारणीला बोलवा. शिवण येत नसलं तरी चालेल, “इथे चिमटीत धर” एवढं कळलं की झालं.

आता चुण्या वाचायच्या. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. चुण्या दोन जातींच्या असतात. एक ओढ, ताणलेली, रेघेसारखी. ती जिथे कापड कमी आहे तिकडे बोट दाखवते. दुसरा झोळ, सैल लोंबणारा. तिथे कापड जास्त आहे. सुरुवात नेहमी खांद्यापासून करायची, कारण ड्रेस टांगलेला असतो तो खांद्यावर. खांदा बरोबर झाला की खालच्या निम्म्या चुण्या आपोआप जातात. आणि एका वेळी एकच बदल. तीन ठिकाणी टाचण्या लावल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

गळ्यापासून काखेकडे तिरपा झोळ पडला तर तुमचे खांदे पॅटर्नपेक्षा उतरते आहेत, खांद्याच्या टोकाला शिवण आत घ्या. मानेखाली पाठीवर आडवी घडी आली तर उलट, खांदे चौकोनी आहेत. छातीपासून बाजूकडे तिरपी ओढ दिसते, पुढची कंबररेघ वर चढते, पुढचा घेर आखूड दिसतो, तेव्हा छातीला जागा हवी आहे. इथे बहुतेक जणी बाजूची शिवण सोडतात. त्याने रुंदी मिळते, लांबी मिळत नाही. उंचवट्यावरून जायला कापडाला दोन्ही लागतं, म्हणून रेघ वरच राहते. पॅटर्नचा पुढचा भाग चिरून उघडावा लागतो, आणि टक्स मोठा होतो. पाठीला कंबरेच्या वर आडवा झोळ साठला तर पाठीची लांबी जास्त आहे, तो झोळ चिमटीत धरून तेवढा कागदावर घडीत घाला.

बाहीबद्दल एक सार्वत्रिक समज आहे. हात वर केला की अख्खा ड्रेस वर येतो, म्हणून मुंढा खोल करा. अंगाबरोबरच्या बाहीत नेमकं उलटं घडतं. मुंढा जितका खाली, तितकी बाही बाजूच्या शिवणीला खालून ओढते. मुंढा काखेच्या जवळ, थोडा वर घ्या, हात मोकळा होतो. पटत नसेल तर मांजरपाटावर करून बघा, त्यासाठीच ते आहे.

आता एका पाठीबद्दल जरा सविस्तर बोलते. घरात वय झालेल्या आई किंवा सासूबाई असतील, पाठीला पोक आलं असेल, तर त्यांचा गाऊन एकदा बाजूने नीट बघा. मागून तो पोटऱ्यांपर्यंत वर गेलेला असतो, पुढून जमिनीला टेकलेला. मानेशी गळा मागे ओढला जातो, म्हणून त्या सारखा पुढून गळा सोडवत असतात. पुढे लोळणाऱ्या त्या कापडात पाय अडकून न्हाणीघरात पडणं, ही या वयात साधी गोष्ट नाही. आपण म्हणतो, गाऊन लांब झालाय, खालून दुमडून देऊ. दुमडला की पुढून बरा आणि मागून आणखी आखूड. त्या बिचाऱ्या संकोचाने खुर्चीतून उठत नाहीत.

चाचणीत हे चटकन दिसतं. पाठीची आडवी रेघ मध्ये वर चढलेली असते, कारण वाकलेल्या पाठीवरून जायला कापडाला जास्त लांबी लागते आणि ती खालून ओढली जाते. तेव्हा मांजरपाट पाठीवर, खांद्याच्या पात्यांपाशी, मध्यापासून मुंढ्याकडे आडवं कापा, मुंढ्यापाशी थोडं जोडलेलं ठेवा. काप आपोआप उघडतो. किती उघडला ते मोजा, इंच, दीड इंच, कधी दोन. तेवढी पट्टी टाचून लावा आणि खालची रेघ बघा, ती सरळ झालेली असेल. कागदावर तेवढंच वाढवायचं, आणि त्यामुळे मानेशी जे जास्तीचं कापड येतं ते गळ्याच्या मागच्या दोन लहान टक्समध्ये घ्यायचं. खांद्याची शिवण पुढे सरकवावी लागेल, कारण पोकाबरोबर खांदेही पुढे येतात. पुढची लांबी छातीच्या वर घडीत घालून कमी करायची, खालून कापून नाही. खांदा आखडलेला असेल तर गाऊन पुढून पूर्ण उघडणारा करा आणि काजं सोडून वेलक्रो किंवा मोठी टिचबटणं लावा. हा पॅटर्न एकदा जमला की त्यावर दहा गाऊन निघतात. तयार गाऊन कितीही महाग घेतलात तरी हे मिळणार नाही.

वेगळी शरीरं अशीच असतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर एक बाजू वेगळी असते, एक खांदा ओझ्याने उतरलेला असतो, बाळंतपणानंतर फासळ्यांचा घेर वाढलेला असतो. म्हणूनच मी दोन्ही बाजू पूर्ण कापायला सांगितल्या. उजवी-डावी वेगवेगळी बसवा आणि कागदही दोन करा. कागदाला त्याचं काही वाटत नाही.

बसून बघितल्याशिवाय चाचणी संपवू नका. परदेशी पॅटर्न खुर्चीवर बसणाऱ्या बाईसाठी असतो. आपण जमिनीवर बसतो, मांडी घालतो, पंगतीत वाढायला वाकतो, स्कूटरवर पाय टाकतो, बसमध्ये वरचा दांडा पकडतो. मांजरपाट घालून हे सगळं करा. मांडी घातल्यावर कंबर आणि सीट दोन्हींचं माप वाढतं. उभं राहून चापूनचोपून बसवलेला ड्रेस हळदीकुंकवाला गेल्यावर बसू देत नाही. शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात ते कमी करण्याची फार हौस नको. विणलेल्या सुती कापडाला छातीत निदान दोन-तीन इंच हवंच.

पटलं की टाचण्यांच्या जागी पेनने खुणा करा, उसवा, इस्त्री करा आणि बदल कागदावर उतरवा. जोडून येणाऱ्या शिवणी एकमेकींशी मोजा. खांदा पुढे सरकवलात तर बाहीच्या वरच्या खुणेलाही सरकवावं लागतं, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. बदल फार झाले असतील तर दुसऱ्यांदा फक्त बॉडी शिवून बघा, घेराची गरज नाही.

दरवेळी एवढं करायचं का? नाही. कफ्तान, चुणीदार स्कर्ट, अंगाला कुठेच न टेकणारा सैल झगा, याला चाचणी म्हणजे खरंच कापडाची नासाडी. एका कंपनीचे पॅटर्न तुम्हाला कसे बसतात हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तेच बदल आधीच कागदावर करता येतात.

आणि साडी असेल तर उसवलेले हेच तुकडे कामाला येतात. साडी साधारण साडेपाच मीटर, पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास. ती जमिनीवर पसरा आणि दोन्ही बाजूंचे सगळे तुकडे तिच्यावर मांडा. काठ घेराच्या खाली यावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण काठ सरळ असतो आणि तिरप्या कळ्यांच्या घेराची कड गोल. ते दोन्ही जुळत नाहीत. तिथे पॅटर्नचा घेर सोडून सरळ चुणीदार घेर घ्यावा लागतो. बुट्ट्यांची दिशा बघा, वरच्या बाजूला एखादा डाग किंवा फॉलच्या शिलाईची भोकं असतील ती चुकवा. पदर पाठीवर घ्यायचा की पुढे, हेही इथेच ठरवा. एक दिवस तसंच मांडून ठेवलंत तरी चालेल. मुलं घरात असतील तर दाराला कडी लावा.

तुकडे कागदी पॅटर्नबरोबर एका पिशवीत ठेवा आणि त्यावर नाव, तारीख, त्या दिवशीची मापं लिहा. दोन वर्षांनी पुन्हा तोच ड्रेस शिवायचा असेल तर आधी टेप लावा. आकडे तेच निघाले तर सरळ कापा. पुढच्या वेळी टक्स फिरवण्याबद्दल बोलू, कागद, पेन्सिल आणि चिकटपट्टी घेऊन बसा.